नेट नाही म्हणून जुना पीसी सुरक्षित?

साकीनाक्याच्या गाळ्यांपासून फोर्टातल्या कचेऱ्यांपर्यंत एक समज पक्का बसलाय: विंडोज एक्सपीच्या पीसीला इंटरनेट दिलं नाही की व्हायरस येत नाही. हे चूक आहे. पेनड्राइव्ह आणि ऑफिसचं लॅन (आतले पीसी जोडणारं नेटवर्क) या दोन्ही वाटा उघड्याच राहतात. जून 2017 मध्ये जेएनपीटी बंदराच्या एका टर्मिनलचं काम ठप्प करणारा नॉटपेट्या व्हायरस आतल्या नेटवर्कमधूनच पसरत होता.

खरी गोम फाइल शेअरिंगमध्ये आहे. एक्सपीला फक्त एसएमबी 1 (नेटवर्कवर फाइल शेअर करायचं जुनं, असुरक्षित तंत्र) कळतं. मग त्या एका पीसीसाठी नव्या सर्व्हरवरही ते चालू ठेवतात आणि धोका सगळ्या ऑफिसला होतो. सर्व्हरवर ते बंदच करा. एक्सपीचा पीसी वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या बाकी ऑफिसपासून तोडलेल्या भागात) टाका, पोर्ट 139 आणि 445 (फाइल शेअरिंगच्या वाटा) अडवा, ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच प्रोग्राम आपोआप चालू होणं) बंद करा. फाइल नेण्यासाठी एकच पेनड्राइव्ह ठेवा; दर वेळी तो आधी अद्ययावत पीसीवर स्कॅन करा.

एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला. तरी मे 2017 मध्ये, वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरल्यावर, मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी एसएमबीचा पॅच (त्रुटी बुजवणारं अपडेट) दिला. तो नसेल तर आजच टाका. हार्ड डिस्कची पूर्ण इमेजही (हुबेहूब प्रत) काढा आणि ती दुसऱ्या डिस्कवर टाकून तिच्यावरून पीसी सुरू होतो का ते पाहा. सीएनसीच्या (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कारखान्यातल्या मशीनच्या) सॉफ्टवेअरची मूळ सीडी ऐनवेळी सापडेलच असं नाही.