फोटो ‘सेफ’ आहे म्हणजे नेमकं काय?

“पासवर्ड स्ट्राँग आहे, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू आहे, आता फोटोंची काळजी नाही.” कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता लिहूनच टाकतो.

सुरक्षा म्हणजे परका माणूस तुमच्या खात्यात शिरू नये. पिन लावा, ओटीपी कोणालाही सांगू नका. हे तुम्हाला ठाऊकच आहे.

खासगीपणाचा प्रश्न परक्याचा नसतोच. आपण स्वतःहून ज्यांना फोटो दिला, त्यांच्याकडून तो पुढे कुठे जातो, हा तो प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कोणालाच मेसेज उघडता येत नाही, आणि ते चोख आहे. पण ते फोटोला सांभाळतं ते वाटेत, तुमच्या फोनपासून मावशीच्या फोनपर्यंत. मावशीने तो भिशीच्या ग्रुपवर टाकला, तर एन्क्रिप्शन कुठेच मोडत नाही आणि फोटो मात्र खासगी राहत नाही.

गेल्या जूनमध्ये भाचीचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी तो ओळखीतल्या एका काकांच्या स्टेटसवर. मोठा करून पाहिला, तर गळ्यातल्या आयकार्डावर शाळेचं नाव, इयत्ता, तुकडी, बहिणीचा मोबाइल नंबर, सगळं वाचता येत होतं. कोणी काही हॅक केलं नव्हतं. काकांनी कौतुकानेच लावला होता. मी ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं. त्याने माझा मेसेज गेला, पुढे गेलेल्या प्रती तशाच राहिल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

फेसबुकचं प्रोफाइल लॉक, जे भारतात २०२० मध्ये आलं, तेही खासगीपणाचंच. त्याने अनोळखी लोकांना फोटो दिसत नाहीत, पण ओटीपी देऊन बसलात तर खातं जाणारच.

आणि क्वालिटी जाते म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ करून पाठवणाऱ्यांना कळकळीची विनंती: नका पाठवू. साधा फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप त्यातली लोकेशनची नोंद काढून टाकतं. डॉक्युमेंटमध्ये मूळ फाइल जशीच्या तशी जाते. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल, तर फोटो कुठे काढला ते नकाशावर बघता येतं. घरात काढला असेल, तर घरच. त्यापेक्षा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आजच बंद करा.

यंदा बहिणीने भाचीचं आयकार्ड आधी दप्तरात ठेवलं, मग फोटो काढला.