पूर मोजायचा कुठल्या फुटपट्टीनं?

कोल्हापुरात शाहूपुरीत काकांच्या दुकानात भिंतीवर पुराच्या पाण्याच्या ऑइलपेंटनं मारलेल्या तीन रेघा आहेत. 2005 ची फरशीलगत, 2019 ची माझ्या खांद्याला आणि 2021 ची कानाला. जुलै आला की राजाराम बंधाऱ्यावरचा पंचगंगेच्या पातळीचा आकडा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरायला लागतो, 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, आणि दुकानापुढं खुर्च्या टाकून तोच वाद परत सुरू. एक म्हणतो खाली कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण, दुसरा म्हणतो पूररेषेत बांधलेली घरं बघा की, तिसरा म्हणतो अहो आठ दिवसांत एवढा पाऊस पडल्यावर कोण काय करणार.

गंमत म्हणजे तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असू शकतं. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या दोन अभ्यासकांनी 1973 मध्ये अशा प्रश्नांना नाव दिलं, विकेड प्रॉब्लेम. आपण इरसाल प्रश्न म्हणूया. त्यांचं म्हणणं असं की अशा प्रश्नात तुम्ही प्रश्न कसा मांडता त्यातच उत्तर ठरून जातं. अलमट्टी म्हटलं की उत्तर दोन राज्यांच्या बैठकीत, पूररेषा म्हटलं की महापालिकेच्या बांधकाम परवान्यात. आणि उत्तर चुकलं तर खोडरबर नाही, एकदा उठलेली कॉलनी काय परत शेत होत नाही.

मी एमबीए केलं तेव्हा हे कुणी शिकवलं नाही, मार्केट शेअर शिकवला. पण गेल्या दहा-बारा वर्षांत मॅनेजमेंटचे संशोधक हवामान, पाणी, गरिबी असल्या विषयांकडं बऱ्यापैकी वळलेत, आणि त्यात मला सगळ्यात पटलेला मुद्दा स्केलचा. प्रतिमा बन्सल, ॲना किम आणि मायकेल वुड यांनी 2018 मध्ये मांडलं की संस्थेला प्रश्न दिसतच नाही कारण तिची बघायची पट्टी आणि प्रश्नाची पट्टी जुळत नाही. म्हणजे निष्काळजीपणाच असतो असं नाही, जाळ्याचं भोक मोठं असेल तर बारका मासा सुटणारच ना! साखर कारखाना गळीत हंगामाच्या हिशोबानं बघतो, नगरसेवक वॉर्डाच्या, आणि नदी मात्र राधानगरीच्या डोंगरापासून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंत अख्खी एकच असते. राधानगरी धरणाच्या एका स्वयंचलित दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं आणि तो उघडला की गावभर मेसेज जातात, अलमट्टीचा विसर्ग महापुरात लाखांत जातो. दोन्ही आकडे एकाच बातमीत असतात पण डोक्यात एकत्र बसत नाहीत.

आणि मग स्केलचा दुसरा घोळ, चांगलं काहीतरी मोठं कसं करायचं. आपल्याकडं पटकन म्हणतात, मोठी यंत्रणा आणा. एलिनॉर ऑस्ट्रम, 2009 ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या पहिल्या बाई, यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेत इंडियानापोलिसला पोलिस खात्यांचा अभ्यास केला होता. गस्त घालणं, फोन आला की पोचणं, यात लहान खाती मोठ्यांपेक्षा कमी नव्हती, उलट बऱ्याचदा सरस. पण गुन्ह्याची लॅब? ती मोठीच परवडते. म्हणजे लहान की मोठं हे संस्थेला विचारायचंच नाही, कामाला विचारायचं. हे आपल्याला वाचून कळायची गरज नव्हती खरं तर, गोकुळ दूध संघ 1963 पासून हेच करतंय, फॅट गावातल्या डेअरीवर लागते आणि पॅकिंग संघाच्या प्लांटवर. पुरातपण तसंच, सुतारवाड्यात कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे हे तालमीच्या पोरांना माहीत असतं, मंत्रालयाला नाही. पण अलमट्टीची पातळी ठरवायला तालीम काय करणार.

आपला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बघा. दगडी खांब, मधे खाचा, पावसाळा संपला की त्यात बर्गे म्हणजे फळ्या घालायच्या, पुढचा यायच्या आधी काढायच्या. मोठं धरण न बांधता तोच छोटा बंधारा गावोगाव करत गेले आणि स्केल झालं! नाद खुळा आयडिया. पण एकामागं एक अडवलेल्या त्याच पाण्यात शहराचं सांडपाणी येऊन थांबतं आणि खाली तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी येते. प्रत्येक बंधारा एकेकटा बघितला तर शहाणा आहे, नदी म्हणून बघितलं की गणित बदलतं. छोटे छोटे प्रयोग जोडत जा असं सांगणाऱ्या अभ्यासकांचं मला एरवी पटतं, पण त्यांनी एकदा उन्हाळ्यात तेरवाडला येऊन वास घ्यावा.

काकांनी यंदा दुकानातली फळी अजून वर ठोकून घेतली. मी म्हटलं, "काका, 2021 च्या रेघेच्या वर वीतभरच घेतलीसा?" ते म्हणाले, "त्याच्या वर माझा हात पोचत न्हाई."