रक्तपुरवठा रोखून वेदनेचा अभ्यास: प्राणी नीतिसमितीकडे अर्ज कसा करायचा

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या एम. फार्म. आणि एम. डी. फार्माकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी ही माहिती. इथं सरकारी कागद म्हटला की आधी कन्नड आठवतं. हा अर्ज मात्र केंद्राच्या नमुन्यात, इंग्रजीत.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर सीसीएसईए ही केंद्राची समिती (पूर्वीची सीपीसीएसईए) देखरेख ठेवते. संस्थेची तिच्याकडे नोंदणी हवी आणि तिची मुदत संपलेली नसावी. उंदीर, गिनिपिग, ससा यांच्यासाठी संस्थेच्याच नीतिसमितीची मंजुरी पुरते. कुत्रा, डुक्कर, माकड असेल तर प्रकरण पुढे सीसीएसईएकडे जातं. प्राणी जिथं ठेवायचे, मंजुरी तिथलीच लागते. कोल्हापूरच्या कॉलेजची मंजुरी घेऊन बेळगावच्या प्राणीगृहात काम करता येत नाही. राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाच्या सिनॉप्सिसमध्येही (प्रबंधाच्या आधी द्यायच्या आराखड्यात) प्राण्यांवर प्रयोग आहे का आणि नीतिमंजुरी मिळाली का, हे विचारलेलं असतं.

कागद मोजकेच: फॉर्म बी (परवानगीचा अर्ज), सविस्तर प्रोटोकॉल (प्रयोगाची पायरीवार योजना), प्राणी हाताळणाऱ्यांच्या अनुभवाचा तपशील, संशोधकाचं सही केलेलं घोषणापत्र. अर्ज सहसा अडतो तो प्रोटोकॉलमध्ये.

2004 मध्ये मांडलेल्या सीपीआयपी (रक्तपुरवठा रोखल्यानंतर टिकून राहणारी वेदना) या प्रारूपात, म्हणजे मॉडेलमध्ये, बेशुद्ध उंदराच्या (रॅट) मागच्या पायात, घोट्याच्या वर, घट्ट ओ-रिंग (रबरी कडं) चढवतात, तीन तास ठेवतात आणि कापून काढतात. रक्त परत वाहू लागल्यावर पाय सुजतो, लाल होतो. पुढं कित्येक दिवस साध्या स्पर्शालाही उंदीर पाय झटकतो. आता अर्जात 'केटामिन-झायलाझिन, एक मात्रा' लिहिलं, तर पशुवैद्य सदस्य तिथंच थांबवणार, कारण ती भूल तीन तास टिकत नाही. पुढच्या मात्रा कधी, किती, भूल उतरतेय हे कसं तपासणार (पायाची बोटं चिमटून प्रतिक्षेप पाहणं) आणि शरीराचं तापमान कसं राखणार, हे लिहा. मांडीतली फीमरल धमनी बांधण्याचं प्रारूप घेतलंत तर ही शस्त्रक्रिया आहे. निर्जंतुकीकरण आणि जखमेची काळजीही मांडावी लागते.

दुसरा अडसर वेदनाशामकाचा. ते दिलं तर मोजायची वेदनाच झाकली जाते, हे खरं. पण ते का देणार नाही याचं समर्थन हवं आणि थांबायची रेषाही आखलेली हवी. 20 टक्के वजन घटणं, बोटं काळी पडणं, उंदरानं स्वतःचा पंजा कुरतडणं, यातलं काहीही दिसलं की तो प्राणी प्रयोगातून बाहेर, असं स्पष्ट लिहा. वॉन फ्रे चाचणीत (पंजाला वाढत्या जोराचे तंतू टेकवून उंदीर पाय कधी झटकतो ते पाहणं) तंतूची कमाल मर्यादा (उंदरासाठी सहसा 15 ग्रॅम) नोंदवा.

संख्या गटवार मांडा: नुसती भूल, ओ-रिंग, प्रमाण औषध, चाचणी औषधाच्या दोन मात्रा, पाच गट, प्रत्येकी 6, म्हणजे 30. 'मागच्या बॅचनं सहाच घेतले' हे कारण चालत नाही, नमुनासंख्येचं गणित जोडा. शेवटी दयामरणाची पद्धत आणि मृतदेहांची विल्हेवाट.

बैठकीला सीसीएसईएचा प्रतिनिधी हवाच, म्हणून तारखा आधी विचारून घ्या. सिनॉप्सिसची मुदत तोंडावर आल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. समितीत विज्ञानाबाहेरचा सदस्यही असतो. त्याला कळेल असा अर्धा पानी सारांश जोडला तर प्रश्न कमी होतात. मंजुरीनंतर प्राणी नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच घ्या आणि प्रयोगाच्या नोंदी फॉर्म डीमध्ये ठेवा. ओ-रिंगचा वेळ तीनऐवजी चार तास करायचा झाला, तरी आधी समितीकडे दुरुस्ती-अर्ज.