डोळ्याला अडवणारा धूर आणि थर्मल कॅमेऱ्याला अडवणारा धूर

‘अवरक्त (इन्फ्रारेड) किरण धुरातून आरपार जातात’ हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय, की आता ते दिसलं की चिडचिड होते. कोणते अवरक्त किरण? कोणता धूर? हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

साधा धूर सगळ्यांच्या ओळखीचा. पांढरा धूर प्रकाश विखुरतो, काळा बराचसा शोषून घेतो. रंगाचं महत्त्व तेवढंच. सैन्याचा धुराचा पडदा बराच काळ हेच काम करत आला.

खरी गल्लत दाटपणावरून होते. धूर डोळ्याला दाट दिसला, की तो थर्मल कॅमेऱ्यालाही दाटच असणार, असं लोक धरून चालतात. पण धूर किती अडवेल हे कणांच्या संख्येइतकंच त्यांच्या आकारावर ठरतं, आणि तो आकार मोजायचा समोरून येणाऱ्या तरंगलांबीच्या तुलनेत. दृश्य प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). धुराचा अर्ध्या मायक्रॉनचा कण त्याच्या तोडीस तोड, म्हणून तो प्रकाश जोरात विखुरतो. थर्मल कॅमेरा पाहतो ती, माणसाच्या अंगातून अवरक्त किरणांच्या रूपात निघणारी उष्णता मात्र ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असते. तिच्यापुढे तोच कण वीसपट लहान. पाण्यात रोवलेल्या काठीवर बारीक तरंग आपटून फुटतात, मोठी लाट मात्र काठी नसल्यासारखी पुढे जाते. इथेही तसंच होतं. म्हणूनच अग्निशामक दलाच्या जवानाला धुराने भरलेल्या खोलीत पडलेला माणूस थर्मल कॅमेऱ्यात दिसतो.

थर्मल कॅमेऱ्याला अडवायचं तर कण काही मायक्रॉनचे हवेत. पण मोठा कण जड, तो लवकर खाली बसतो. त्यावरचा तोडगा मला फार आवडतो: ग्राफाइटचे किंवा पितळेचे पातळ पापुद्रे. रुंदी तरंगलांबीच्या जवळपास, जाडी नगण्य, म्हणून वजन कमी. शिवाय हे पदार्थ विद्युतवाहक असल्याने अवरक्त किरण शोषतात आणि विखुरतातही. फॉस्फरसच्या धुराची गोष्ट थोडी वेगळी: ताजा असताना तो स्वतःच गरम असतो आणि कॅमेऱ्यापुढे उजळ पडद्यासारखा उभा राहतो. थंड झाला की तो जोर ओसरतो.

आता ‘कोणते अवरक्त?’ नाइट व्हिजनची दुर्बीण साधारण ०.९ मायक्रॉनपर्यंतचा प्रकाश वाढवून दाखवते. म्हणजे ती दृश्य प्रकाशाची सख्खी शेजारीण. साध्या धुरात ती डोळ्याइतकीच हतबल होते. तिला आणि थर्मल कॅमेऱ्याला ‘अवरक्त’ या एकाच शब्दात बसवणं बंद व्हायला हवं.

आणि धूर म्हणजे धुकं नव्हे. धुक्याचे थेंब बरेचदा १० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे असतात, त्यामुळे धुरात सहज पाहणारा थर्मल कॅमेरा दाट धुक्यात अडखळतो.