उघडिपीतला धर्म : वादळाआधीच्या आत्मपरीक्षणाची पार्श्वभूमी

३१ डिसेंबरच्या रात्री मराठी मंडळ्यांतली माणसं शाली-स्वेटर घालून चर्चमध्ये जमतात. गाणी होतात, वर्षभराच्या साक्षी होतात, कुणाचा आवाज मध्येच भरून येतो. बाराला दहा मिनिटं उरली की पाळकसाहेब सगळ्यांना गुडघे टेकायला सांगतात. बाहेर फटाके सुरू झालेले असतात आणि आत कुणी बोलत नाही. बारा वाजले की घंटा, हस्तांदोलन, चहा आणि केक. या उपासनेला आपल्याकडे सरळ ‘वॉचनाइट’च म्हणतात. गंमत म्हणजे तिचा जन्म वर्षअखेरीशी जोडलेला नव्हता. तिच्यामागे कोळशाच्या खाणीतले मजूर आहेत, आणि त्यांच्याही मागे अटलांटिक महासागरात फाटलेलं एक शीड.

ऑक्टोबर १७३५ मध्ये ‘सिमंड्स’ नावाचं जहाज इंग्लंडमधल्या ग्रेव्हझेंडहून अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीकडे निघालं. त्यावर जॉन वेस्ली होते, ज्यांच्या चळवळीतून पुढे मेथडिस्ट पंथ उभा राहिला. वय ३२, अँग्लिकन पाळक, ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजचे फेलो. आत्मपरीक्षण त्यांना नवीन नव्हतं. ऑक्सफर्डमध्ये ते, धाकटा भाऊ चार्ल्स आणि काही मित्र नेमाने जमत, उपवास करत, तुरुंगातल्या कैद्यांना भेटत. इतर विद्यार्थी त्यांना टिंगलीने ‘होली क्लब’ म्हणत. वेस्ली सांकेतिक लिपीत रोजनिशी ठेवत; तासातासाचा हिशेब त्यात असे. जॉर्जियातल्या मूळ रहिवाशांना सुवार्ता सांगायला ते निघाले होते खरे, पण जाण्याचा मुख्य हेतू स्वतःच्या आत्म्याचं तारण हाच आहे, असं त्यांनी निघण्यापूर्वीच एका पत्रात लिहून ठेवलं होतं.

त्याच जहाजावर २६ जर्मन मोरेव्हियन, म्हणजे एका छोट्या ख्रिस्ती पंथाचे लोक होते. त्यांचे बिशप डेव्हिड निट्शमन पेशाने सुतार. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून वेस्ली जहाजावरच जर्मन शिकू लागले. जहाजावरची जी हलकी कामं करायला एकही इंग्रज प्रवासी तयार नसे, ती हे जर्मन लोक आपणहून करत आणि मोबदला घेत नसत. आमच्या गर्विष्ठ मनाला हे बरं आहे, असं म्हणत. कुणी ढकललं, मारलं, खाली पाडलं, तरी उठून निमूट निघून जात, तक्रार नाही. वेस्लींनी हे सगळं पाहिलं होतं. या लोकांच्या मनातली भीती गेली आहे का, हे मात्र अजून दिसायचं होतं.

ते २५ जानेवारी १७३६ ला, रविवारी संध्याकाळी दिसलं. तोवर दोन मोठी वादळं होऊन गेली होती. पहिल्यात, १७ तारखेला, लाटेने केबिनची खिडकी फोडून पाणी आत आलं. एका कपाटाच्या आडोशामुळे वेस्ली त्या तडाख्यातून वाचले. रात्री जिवंत उठू की नाही या विचारातच ते झोपले. मरायला आपलं मन तयार नाही याची फार लाज वाटली, असं त्यांनी नोंदवलं आहे.

तिसरं वादळ सगळ्यांत मोठं. सात वाजता वेस्ली जर्मनांच्या उपासनेला गेले. स्तोत्राने सुरुवात झाली होती. गाणं चालू असतानाच समुद्र जहाजावर चढला, मुख्य शिडाच्या चिंध्या झाल्या, पाणी मजल्यामजल्यांतून आत कोसळू लागलं. इंग्रज प्रवाशांत एकच किंकाळी उठली. जर्मनांनी वर पाहिलं आणि स्तोत्र पुढे गात राहिले. नंतर वेस्लींनी त्यांच्यातल्या एकाला विचारलं, तुम्हाला भीती वाटली नाही? तो म्हणाला, देवाची कृपा, नाही वाटली. आणि बायका-मुलांना? नाही, आमची बायका-मुलं मरणाला भीत नाहीत.

हा प्रसंग प्रवचनांत इतक्यांदा सांगितला जातो की तो गुळगुळीत झाला आहे. सांगणारे बहुधा वादळाच्या रात्रीपाशीच थांबतात. मला तो नीट कळला तो त्याआधीच्या नोंदी वाचल्यावर. लाट आली त्या क्षणी त्या लोकांनी काहीच ठरवलं नव्हतं. काय महत्त्वाचं आणि काय सोडून द्यायचं, हे तीन महिने दुसऱ्यांची घाण उपसताना ठरून गेलं होतं.

खरं तर त्याच्याही कितीतरी आधी. मोरेव्हियनांची मुळं बोहेमियात, १४१५ मध्ये कॉन्स्टन्स इथे जिवंत जाळलेल्या धर्मसुधारक यान हुस यांच्या अनुयायांत आहेत. सतराव्या शतकात युरोपात झालेल्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’नंतर त्यांना उघडपणे उपासना करणं अशक्य झालं, आणि १७२२ मध्ये काही कुटुंबं रातोरात सीमा ओलांडून सॅक्सनीत काउंट त्सिन्त्सेनडोर्फ यांच्या जमिनीवर येऊन राहिली. त्या वस्तीचं नाव हेर्नहुट, म्हणजे प्रभूची राखण. सुरुवातीला तिथे भांडणंच फार झाली. ऑगस्ट १७२७ मध्ये समेट झाला आणि त्याच महिन्यात त्यांनी चोवीस तासांची प्रार्थनेची पाळी सुरू केली. एकेक तास एकेकाचा. ती साखळी शंभर वर्षं चालली असं सांगतात. १७२८ पासून रोज सकाळी प्रत्येक घरी एक वचन पोचवलं जाई. १७३१ पासून ती वचनं वर्षाच्या पुस्तकात छापली जाऊ लागली आणि आजही छापली जातात.

वेस्ली जॉर्जियात पोचले तेव्हा ऑगस्ट श्पांगेनबर्ग या मोरेव्हियन पुढाऱ्याने त्यांना विचारलं, तुम्ही येशू ख्रिस्ताला ओळखता? तो जगाचा तारणारा आहे हे मला ठाऊक आहे, वेस्ली म्हणाले. खरं, पण त्याने तुम्हाला तारलं आहे हे ठाऊक आहे? वेस्लींनी कसंबसं उत्तर दिलं आणि रोजनिशीत लिहिलं की ते शब्द पोकळ होते अशी भीती वाटते. जॉर्जियातली दोन वर्षं फसली. परतीच्या जहाजावर, २४ जानेवारी १७३८ ला, त्यांनी स्वतःच्या विश्वासाला एक नाव ठेवलं. शब्दशः घेतलं तर ‘छान उन्हाळ्यातला धर्म’. आपल्याकडे हे भाषांतर उलटंच पडेल. इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे सुखाचे दिवस, आपला म्हणजे वैशाख वणवा. ‘उघडिपीतला धर्म’ म्हटलं की नेमकं बसतं. धोका जवळ नसतो तेव्हा मी उत्तम बोलतो, माझा मलाच विश्वास वाटतो. मरण समोर आलं की जीव घाबरा होतो, असा त्या नोंदीचा आशय आहे.

हा विचार अर्थात बायबलइतकाच जुना. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूने सांगितलेली दोन घरं, एक खडकावर बांधलेलं आणि एक वाळूवर, उघडिपीत सारखीच दिसतात. दुसरा शुभवर्तमानकार लूक एवढीच भर घालतो की एकाने खोल खणलं होतं. पॅलेस्टाइनमधले ओढे उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत असतात. वाळूवर पाया घालणारा काही वेडा नसतो, त्याने फक्त पाऊस हिशेबात धरलेला नसतो. कोकणात मृगाआधी घर शाकारणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. करिंथकरांना लिहिताना पौलानेही प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने आत्मपरीक्षा करावी असं सांगितलं. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत बसवली; ती त्यांच्या संघाच्या धर्मगुरूंबरोबर, जेझुइटांबरोबर, गोव्यात आली. पण हे सगळं बहुतांशी एकट्याने किंवा धर्मगुरूसमोर करायचं. वेस्लींनी ते साध्या माणसांच्या घोळक्यात आणलं.

२४ मे १७३८ ला लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत त्यांना विश्वासाची खात्री मिळाली, ती कथा प्रसिद्धच आहे. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी त्यांनी छोट्या गटांसाठी नियम लिहिले. दर भेटीत प्रत्येकाला विचारायचं : मागच्या भेटीनंतर कळत असून कोणतं पाप केलंस? कोणते मोह आले? त्यातून कसा सुटलास? आज हे प्रश्न वाचले तरी अंग आक्रसतं.

पुढची पायरी मात्र अध्यात्मातून आली नाही, कर्जातून आली. ब्रिस्टलच्या सभागृहाचं देणं फेडायचं होतं. फेब्रुवारी १७४२ मध्ये एकाने सुचवलं की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांचं काय, असं कुणी विचारल्यावर तो म्हणाला, अकरा जण माझ्याकडे लावा. ज्याला जमणार नाही त्याची मी भरेन. पैसे गोळा करायला हे लोक घरोघर जाऊ लागले आणि कोण दारू पिऊन बसतो, कुणाच्या घरी भांडणं आहेत, हे आपसूक दिसू लागलं. वेस्लींनी ओळखलं की आपल्याला हवं होतं ते हेच. बारा जणांचा तो ‘क्लास’ पुढे वेस्लींच्या चळवळीचा, म्हणजे मेथडिझमचा कणा झाला. पेनीची वसुली आणि आत्म्याची विचारपूस एकाच फेरीत!

वॉचनाइट याच काळातली. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडचे खाणमजूर, पूर्वी ज्या रात्री गुत्त्यात काढत त्या रात्री, शाळेत जमून मध्यरात्रीपर्यंत प्रार्थना करू लागले. हे थांबवा, असा सल्ला वेस्लींना काहींनी दिला. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती जागरणं करतच, असं म्हणत त्यांनी ती रीत उचलून धरली. लंडनमधली पहिली वॉचनाइट ९ एप्रिल १७४२ ला झाली. यासाठी पौर्णिमेच्या सर्वांत जवळचा शुक्रवार धरत, म्हणजे लांबून आलेल्यांना परतताना उजेड मिळे. साडेआठला सुरू, बारानंतर थोड्या वेळाने समाप्त.

११ ऑगस्ट १७५५ ला स्पिटलफील्ड्सच्या फ्रेंच चर्चमध्ये सुमारे १,८०० माणसं उभी राहिली आणि त्यांनी देवाशी आपला करार नव्याने केला. त्यासाठी वेस्लींनी रिचर्ड अ‍ॅलीन या प्युरिटन पाळकाचा सुमारे शंभर वर्षं जुना मजकूर वापरला. मला हव्या त्या कामाला लाव, हव्या त्याच्या पंक्तीला बसव. कामाला लाव किंवा सोसायला लाव, असा त्याचा सूर आहे. पुढे ही उपासना नव्या वर्षाच्या तोंडाशी येऊन टेकली.

मुंबईत ही परंपरा १८७१ च्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट विल्यम टेलर यांच्या सभांतून आली. त्यांनीही घराघरांत छोटे गट बांधले. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात ब्रिटिश मेथडिस्ट परंपरेच्या मंडळ्याही सामील झाल्या. आता पंथ न विचारता बऱ्याच मराठी चर्चमध्ये वॉचनाइट होते.

वेस्लींच्या ‘उघडिपीतल्या धर्मा’ला मराठीत खरा जोड सापडतो तो पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनात. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आठ वर्षांनी त्यांनी स्वतःला तपासलं आणि लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. बाप्तिस्मा घेतलेली, विधवांसाठी शारदा सदन चालवणारी, जगभर नाव झालेली बाई हे लिहिते. त्या सुमारास हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आलं होतं. प्रवचनं करूनही आपलं परिवर्तन झालेलं नाही हे ज्याला उशिरा कळलं असा तो माणूस.

ही तपासणी उघडिपीत झाली. १८९३ मध्ये पुण्यात धर्मांतरावरून गदारोळ उठला, सदनातल्या मुली काढून नेल्या गेल्या, सल्लागार मंडळातल्या मान्यवरांनी राजीनामे दिले. पाठोपाठ १८९६-९७ चा दुष्काळ. लहानपणी दुष्काळातच आई-वडील गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा केडगावच्या मोकळ्या जमिनीवर त्यांना ठेवलं. तिथेच मुक्ती मिशन उभं राहिलं.

वेस्लींची एक नोंद राहिली. १७३८ मध्ये, परतल्यावर, त्यांनी लिहिलं होतं की दुसऱ्यांचं परिवर्तन करायला अमेरिकेला गेलेल्या माझंच कधी परिवर्तन झालं नव्हतं. जवळजवळ ३६ वर्षांनी, सत्तरी ओलांडल्यावर, ग्रंथावली छापताना ते या वाक्यापाशी आले. वाक्य त्यांनी खोडलं नाही. खाली एक तळटीप जोडली : याबद्दल मला खात्री नाही.