हनिमूनला जोडीने स्कूबाचं प्रमाणपत्र: ठाण्यातून निघण्याआधी काय उरकायचं

तारकर्लीला ‘स्कूबा केलं’ असं सांगणारी अनेक जोडपी माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी केला तो एक अनुभव होता, अभ्यासक्रम नव्हे. त्यात प्रशिक्षक मागून टाकी धरतो, थोडा वेळ मासे दाखवतो आणि वर आणतो. मजा येते, पण तेवढ्यावर पुढच्या वेळी स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात उतरता येत नाही. त्यासाठी ‘ओपन वॉटर डायव्हर’ हे प्रमाणपत्र लागतं. पॅडी किंवा एसएसआय या आंतरराष्ट्रीय संस्थांचं हे कार्ड जगात जवळपास सगळीकडे चालतं. ते मिळालं की आपल्या जोडीदाराबरोबर, ज्याला तिथे ‘बडी’ म्हणतात, 18 मीटर खोलीपर्यंत जाता येतं.

आम्ही दोघांनी हे लग्नानंतरच्या सहलीत अंदमानात केलं. तेव्हा कळलं ते एवढंच की, समुद्र सोडून बाकीचं सगळं ठाण्यातच उरकायला हवं. मधुचंद्राचे सहा दिवस हाताशी असताना त्यातले दोन दिवस हॉटेलच्या खोलीत लॅपटॉपवर धडे वाचण्यात गेले, तर वाईट वाटतं.

पात्रता

वयाची अट दहा वर्षांची आहे आणि पंधरा पूर्ण झाल्यावर पूर्ण प्रमाणपत्र मिळतं, त्यामुळे नवरा-बायकोला वयाचा प्रश्नच नाही. शिक्षणाची अट नाही. विवाह नोंदणीचा दाखलाही लागत नाही. प्रमाणपत्र जोडप्याला मिळत नसतं, ते दोघांना वेगवेगळं मिळतं. अर्ज दोन, परीक्षा दोन, शारीरिक चाचणीही दोघांची स्वतंत्र. एकाची राहिली तर दुसऱ्याचं अडत नाही. हे आधीच एकमेकांशी बोलून घ्या. एकटा पुढे गेला तर चालेल का, हा प्रश्न बोटीवर सोडवायचा नसतो.

पोहता आलं पाहिजे. पॅडीच्या नियमानुसार 200 मीटर न थांबता पोहायचं, कुठल्याही पद्धतीने आणि वेळेचं बंधन न ठेवता. किंवा मास्क, फिन्स म्हणजे पायात घालायचे वल्हे आणि स्नॉर्कल म्हणजे श्वासाची नळी लावून 300 मीटर. त्याशिवाय दहा मिनिटं पाण्यात तरंगत राहायचं. 25 मीटरच्या तलावात 200 मीटर म्हणजे आठ फेऱ्या. माझा नवरा गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला. तरंगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण सलग पाचव्या फेरीला त्याला धाप लागायची. आम्ही लग्नाआधी दोन महिने महापालिकेच्या तलावावर सकाळची बॅच लावली. ठाणे असो की नवी मुंबई, तलावाच्या सभासदत्वासाठी बहुधा डॉक्टरांचा दाखला आणि फोटो मागतात, तेव्हा त्याला आठवडाभराचा वेळ धरून चाला.

वैद्यकीय प्रश्नावली

सगळ्या कागदांत सगळ्यात महत्त्वाचा कागद हा. सगळ्यात घाईत भरला जातो तोही हाच. त्यात आधी दहा प्रश्न असतात: फुप्फुसं आणि हृदय, पंचेचाळिशीच्या पुढचं वय, दमछाक, कान-नाक-सायनस, गेल्या बारा महिन्यांतली शस्त्रक्रिया, बेशुद्धी किंवा फिट्स, मानसिक आजार, पाठ-हर्निया-मधुमेह, पोटाचे विकार आणि शेवटी रोजची औषधं. दहाही उत्तरं ‘नाही’ असतील तर सही करून मोकळे. काही प्रश्नांना ‘हो’ म्हटलं की पुढच्या पानावरचे पोटप्रश्न भरायचे. दमछाक, शस्त्रक्रिया आणि औषधं या तिन्हींपैकी कशालाही ‘हो’ असेल तर थेट डॉक्टरांची सही लागते.

इथेच अनेक जण अडकतात. मी रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेते. मला वाटलं, यात सांगण्यासारखं काय? पण डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध म्हणजे दहाव्या प्रश्नाला ‘हो’. गर्भनिरोधक गोळ्यांना तेवढी सूट आहे, थायरॉइडला नाही. मी अर्जाची प्रत छापून नौपाड्यातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नेली. त्यांनी ती दोनदा वाचली, छाती तपासली, कानात बघितलं आणि तिसऱ्या पानावर सही-शिक्का दिला. दहा मिनिटांचं काम. तेच बेटावर पोहोचल्यावर लक्षात आलं असतं तर सकाळची बोट माझ्याविना सुटली असती.

डॉक्टरांनी साध्या लेटरहेडवर ‘फिट’ लिहून दिलं तर बहुतेक ठिकाणी ते घेत नाहीत. सही त्या प्रश्नावलीच्याच वैद्यकीय पानावर हवी. त्यावर दोनच पर्याय असतात, पाण्यात उतरायला हरकत नाही किंवा आहे. मधला पर्याय नाही.

खोटं ‘नाही’ लिहू नका. हे मी कळकळीने सांगते आहे. खाली दहा मीटरवर दाब जमिनीपेक्षा दुप्पट असतो. अडकलेलं सायनस किंवा फुप्फुसात कोंडलेली हवा तिथे अर्जातली उत्तरं बघत नाही. आणि नव्या नवरीसाठी एक स्पष्ट गोष्ट: दिवस गेले असतील किंवा तुम्ही मुलासाठी प्रयत्न करत असाल, तर पाण्यात उतरू नका, असं त्याच अर्जात लिहिलेलं आहे. तसं असेल तर ही सहल समुद्राच्या वरच करा. प्रमाणपत्र पुढेही मिळेल.

बाकीचे कागद

फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र, पासपोर्ट साइझ फोटोची डिजिटल प्रत, जोखीम स्वीकारल्याचं संमतीपत्र आणि सुरक्षित डायव्हिंगचे नियम वाचल्याची सही. दोघांचे संच वेगळे ठेवा. संमतीपत्र आधीच मागवून घरी वाचा. तिथे पोहोचल्यावर ते बोटीची घाई असताना समोर येतं.

नावाकडे लक्ष द्या. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदललं असेल तरी विमानाचं तिकीट, आधार आणि स्कूबाचं खातं यांवर एकच नाव असू द्या. मी तिन्हीकडे माहेरचंच नाव ठेवलं, कारण आधार तसं होतं. मालदीव किंवा थायलंडला जाणार असाल तर तिकीट पासपोर्टवरच्या नावाने काढा. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालण्याची खटपट त्यासाठी करण्याची गरज नाही. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना वेगळा लागतो आणि त्याला वेळ जातो.

एक रकाना आम्ही आधी चुकीचा भरला होता. ‘तातडीच्या वेळी संपर्क’ इथे मी नवऱ्याचं नाव लिहिलं आणि त्याने माझं. प्रशिक्षकाने विचारलं, तुम्ही दोघंही एकाच बोटीत असणार ना? मग आम्ही ठाण्यातल्या सासऱ्यांचा नंबर टाकला.

अभ्यासक्रमाचे तीन भाग आणि ठाण्यात होणारे दोन

पहिला भाग थिअरीचा. तो ऑनलाइन होतो आणि आठ-दहा तास लागतात. हे धडे उघडण्याचा कोड एकाच नावावर चालतो, दोघांनी एका खात्यावर वाचायचं चालत नाही. शेवटी लेखी परीक्षा असते आणि पॅडीत उत्तीर्ण व्हायला 75 टक्के लागतात. दाब, हवेचा साठा, कान मोकळे करण्याची पद्धत, हे विषय कठीण नाहीत, पण हळदीच्या गडबडीत डोक्यात शिरत नाहीत. साखरपुडा ते लग्न या काळात संपवा.

दुसरा भाग तलावातला. मास्कमधलं पाणी बाहेर काढणं, रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण, सुटला तर पुन्हा पकडणं, बडीच्या टाकीतून श्वास घेणं. मुंबई परिसरातले काही प्रशिक्षक तलावात हे करून घेतात. नंतर एक ‘रेफरल’ कागद मिळतो, ज्यात थिअरी आणि तलाव पूर्ण झाल्याची नोंद असते. तो साधारण बारा महिने चालतो. हा कागद असेल तर सहलीत फक्त तिसरा भाग उरतो, समुद्रातल्या चार डाइव्ह. त्या एका दिवसात उरकत नाहीत, किमान दोन दिवस धरा. ‘एका दिवसात कार्ड’ असं कोणी म्हणालं तर तिथे पैसे भरू नका. प्रशिक्षकाचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

पैसे भरण्याआधी एवढं विचारा: ऑनलाइन कोड, कार्डाचं शुल्क, साहित्याचं भाडं आणि बोट, सगळं त्यात धरलं आहे का.

कुठे आणि कधी

तारकर्लीत एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या पकडली की सकाळी कुडाळ. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर तिथलं पाणी बंदच असतं. पण तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई आणि चांगल्या पाण्याचा मोसम एकच, त्यामुळे मुहूर्त आडवा येत नाही. पाणी अधिक नितळ हवं असेल तर अंदमानात स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. भारतीयांना तिथे साधं ओळखपत्र पुरतं.

परतीचं तिकीट काढताना एक हिशेब चुकवू नका. अनेक डाइव्ह झाल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमानात बसायचं नाही. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. घाट चढणं म्हणजेही उंचीवर जाणंच. मालवणहून गाडीने आंबोलीमार्गे परतणार असाल तर त्या दिवशी डाइव्ह ठेवू नका. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना ही काळजी नाही. स्वराज द्वीपहून बोटीने परतून श्री विजयपुरममध्ये, जुन्या पोर्ट ब्लेअरमध्ये, एक रात्र काढली की हा हिशेब आपोआप बसतो.

हिरवा चुडा उतरवावा लागतो, काच पाण्यात कोणाच्याही हाताला लागू शकते. मी सासूबाईंना आधीच विचारलं आणि त्यांनी सोळाव्या दिवशी स्वतः उतरवून दिला. म्हणून आम्ही सहल लग्नानंतर तीन आठवड्यांनी ठेवली, आणि त्या तीन आठवड्यांत लग्नातली सर्दीही गेली. सर्दी असताना कान मोकळे होत नाहीत आणि औषध घेऊन नाक उघडून खाली जाणं धोक्याचं, कारण औषधाचा असर खालीच संपू शकतो.

चार डाइव्ह झाल्यावर प्रशिक्षक संस्थेकडे नोंद पाठवतो आणि डिजिटल कार्ड खात्यात येतं. बेट सोडण्याआधी नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि फोटो तपासून घ्या आणि लॉगबुकवर, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीवर, चारही डाइव्हना सही-शिक्का मागा. कार्डाला मुदत नसते. मात्र वर्षभर पाण्यात उतरला नाहीत, तर बहुतेक ठिकाणी आधी रिफ्रेशर करायला सांगतात.