पॉलिप वेळ देतो, तेवढ्यात गाठायचा

मोठ्या आतड्याचा कर्करोग एकाएकी होत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दर चार-पाच दिवसांनी नव्या होतात. विभाजनाच्या या सततच्या धांदलीत जनुकांची नक्कल कधीतरी चुकतेच. एपीसी नावाचे जनुक बिघडले की अस्तरावर छोटासा मांसल फुगवटा उगवू शकतो, तोच पॉलिप. पुढे केरास, टीपी५३ अशा जनुकांतले बिघाड साठत गेले तर त्याचा कर्करोग होतो. ही साखळी फिअरन आणि व्होगेलस्टाइन या संशोधकांनी १९९० मध्ये मांडली. या प्रवासाला बहुधा १० वर्षे किंवा जास्तच लागतात. बहुतेक पॉलिप तिथवर पोचतही नाहीत, पण कोणता पोचेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून सापडला की काढायचा.

कोलोनोस्कोपीचे, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीचे मोल इथेच आहे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शिन्या आणि वुल्फ या डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून पॉलिप कापून काढला; पोट उघडावे लागले नाही. इतर बऱ्याच कर्करोगांत तपासणी आजार लवकर पकडते, इथे ती तो होण्याआधीच थांबवू शकते.

दुर्बिणीची धास्ती वाटणाऱ्यांसाठी मळाची तपासणी आहे; ती मळातले डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधते. नमुना घरीच घ्यायचा. जुनी चाचणी आहारातल्या मांसामुळेही फसायची; आताची ‘फिट’ चाचणी प्रतिपिंडांच्या मदतीने फक्त मानवी हिमोग्लोबिन शोधते. मात्र पॉलिप रोज रक्त गाळत नाही, त्यामुळे एकदा ‘काही नाही’ आले म्हणून निर्धास्त होणे चुकीचे. ती साधारणपणे दरवर्षी करावी लागते. मिनेसोटातल्या मोठ्या अभ्यासात (१९९३) जुन्या पद्धतीच्या वार्षिक चाचणीनेसुद्धा या कर्करोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले होते. रक्त सापडले तर दुर्बीण करायलाच हवी. ‘मूळव्याधच असेल’ म्हणत पुन्हा मळच तपासत बसणे मला सगळ्यात घातक वाटते.

सुरुवात कधी करायची? अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये हे वय ५० वरून ४५ वर आणले, कारण तरुणांत हा आजार वाढतो आहे. आई, वडील किंवा भावंडाला तो झाला असेल तर वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या १० वर्षे आधी, यांतले जे आधी येईल तेव्हा दुर्बीण करावी असा सर्वसाधारण सल्ला असतो. शौचातून रक्त जात असेल, शौचाच्या सवयी बदलल्या असतील किंवा कारण नसताना रक्त कमी झाले असेल, तर मात्र वय मोजत न बसता थेट डॉक्टरांकडे जावे.